सहा तारा आणि काळी दोन

मावशीच्या खोलीत त्या आठवड्यात सगळीकडे मिरच्या होत्या. गॅलरीत जुन्या साडीवर पसरलेल्या, कपाटावर सुपात, माझ्या अंथरुणाच्या गुंडाळीशेजारी पिशवीत. लालबागच्या त्या चाळीत उन्हाळा आला की प्रत्येक घरात हेच. मिरच्या वाळवायच्या, धणे भाजायचे आणि मग सगळं डब्यात भरून खालच्या गल्लीत डंकावर कुटायला न्यायचं. डंकांचा धप्प धप्प आवाज सकाळपासून सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. पहिले काही दिवस मला वाटायचं की कुणीतरी जमीन ठोकून पाहतंय, पक्की आहे की नाही. नंतर तो ऐकू येईनासा झाला. शिंका मात्र थांबल्या नाहीत. मी सावंतवाडीकडच्या एका लहान गावातली, मिरची मला नवी नव्हती, पण आमच्याकडे एका घरची मिरची एका वेळी कुटली जाते. इथे सगळ्या लालबागची मिरची एकाच हवेत होती.

मावशीकडे मी बी.एस्सी. झाल्यावर आले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गावातल्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते. मुलांच्या भाताचं आधण ठेवताना ते भजन म्हणायचे आणि संध्याकाळी देवळात कोरसमध्ये बसायचे. त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण मुलगी त्यातलं शिकली आहे हे ते तालुक्याच्या बाजारात भाजीवालीलाही सांगत. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात छोटं ऑफिस होतं, मुलांना गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या सीडी बनवणारं. तिथे मला दुपारच्या प्रशिक्षणाला घेतलं. आम्ही तिघं होतो. पुढे कुणाला ठेवायचं ते एका पेपरवर ठरणार होतं. त्याच वेळी गावातल्या पतपेढीत एक जागा निघाली होती. तिथले अध्यक्ष आबांच्या हातचं जेवून मोठे झालेले, त्यामुळे त्यांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवा, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे सोमवारी दुपारचा पेपर जमला तर मुंबई, नाही तर संध्याकाळी आबांना फोन करायचा आणि आठवड्याच्या आत पतपेढीच्या काउंटरमागे बसायचं. पतपेढी वाईट नव्हती. पण मला मुंबईत राहायचं होतं आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्यांनी आपल्याला एका खोलीत सामावून घेतलं त्यांच्यापुढे असं काही मागायची मला लाज वाटायची.

गुरुवारी आम्हाला शिकवणाऱ्या रॉड्रिक्स सरांनी पेपरचे कागद वाटले; उत्तर सोमवारी मशीनवर चालवून दाखवायचं होतं. सर गिरगावातले, तिथल्या वाडीत जन्मलेले, चर्चमध्ये गिटार वाजवणारे. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, फक्त जास्त भरभर. कागदावर इंग्रजीत कोडं होतं. ते मी आज मराठीत असं सांगेन: गिटारला सहा तारा असतात. तारांखाली दांडीवर ओळीने पडदे असतात, सतारीला असतात तसे. प्रत्येक तार कितव्या पडद्यावर दाबली आहे असे सहा आकडे दिले जातील. शून्य म्हणजे तार मोकळी. त्यावरून सहा तारांतून कोणते सहा स्वर निघतात त्यांची नावं छापणारा प्रोग्रॅम लिहा. खाली दोन उदाहरणं होती. सगळी शून्यं दिली तर उत्तर ई, ए, डी, जी, बी, ई. आणि शून्य, दोन, दोन, एक, शून्य, शून्य दिलं तर ई, बी, ई, जी शार्प, बी, ई.

"शंका आहे कुणाला?" सरांनी विचारलं.

माझ्या शेजारी निखिल नावाचा दादरचा मुलगा बसायचा. तो म्हणाला, "सर, सोमवारी कशाला, आजच देतो की."

"तू थांब रे. तू शाळेत असल्यापासून बँडमध्ये आहेस. बाकीच्यांना विचारतोय मी."

मला एवढ्या शंका होत्या की पहिली कोणती विचारायची तेच समजेना. मी गिटार फक्त सिनेमात पाहिली होती, तीही नायकाच्या हातात, आणि तेव्हा लक्ष गिटारीकडे नसायचं. घरी येऊन शब्दकोश काढला. पडद्यासाठी कागदावर छापलेल्या 'फ्रेट'चा अर्थ कुरकुरणे, चिंता करणे असा दिला होता. तो अर्थ मला त्या दिवशी अगदी योग्य वाटला.

मी सुरुवात केली ती बाराखडी मोजावी तशी. ए नंतर बी, बी नंतर सी. ए तारेवर दुसरा पडदा म्हणजे सी. डी तारेवर दुसरा म्हणजे एफ. जी नंतर ही मंडळी एचकडे जात नाहीत, पुन्हा ए घेतात, हे मला सायबर कॅफेत कळलं होतं. ते का, हे तिथेही कुणी लिहिलं नव्हतं. कागदावर सगळं मांडलं आणि माझं उत्तर आलं ई, सी, एफ, ए, बी, ई. सरांच्या उत्तराशी फक्त मोकळ्या तारा जुळल्या, ज्यांना मी हातही लावला नव्हता.

शुक्रवारी आबांशी फोनवर बोलले. वसतिगृहाच्या ऑफिसात तो फोन होता, मागे मुलांच्या ताटांचा आवाज येत होता. पतपेढीचं काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी सोमवारी सांगते म्हटलं. मग त्यांनी पेपर कसला आहे ते विचारलं आणि मी सांगितलं.

"म्हणजे सहा माणसं," ते म्हणाले, "एकाच वेळी वेगवेगळं गातायत?"

"तसंच काहीतरी."

"मग बुवा कोण त्यांच्यात?"

फोन ठेवल्यावर मला तो प्रश्न बरोबरच वाटू लागला. आमच्याकडे भजनाला बसलं की बुवा आधी पेटीवर एक पट्टी दाबून धरतो, 'सा' धरतो, आणि त्यानंतरच बाकीच्या स्वरांना नावं येतात. बुवा आज उंच चढला तर सा उंच, घसा बसला तर सा खाली. सा ठरल्याशिवाय रे कुठला आणि ग कुठला? या कागदावर तर सा कुठे आहे हे सांगितलंच नव्हतं, आणि नावं विचारत होते. मला वाटलं की प्रश्नच अर्धा छापला गेला आहे.

काकांनाही तसंच वाटलं. काका म्हणजे मावशीचे यजमान, दादरच्या एका औषधांच्या गोदामात कामाला, आणि चाळीच्या भजन मंडळाचे बुवा. पुढच्या आठवड्यात चाळीची सत्यनारायणाची पूजा होती आणि तिथे त्यांचं भजन व्हायचं होतं. माझा कागद त्यांनी चष्मा लावून पाहिला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"ह्यात सा खंय आसा?" ते म्हणाले.

"दिलेला नाही."

"मग त्येंका विचार. सा सांगा म्हणावं, मग नावं सांगते. कोणाच्या पेटीवर असा न विचारता हात ठेवतत?"

त्यांचा मुलगा संदेश, माझ्याच वयाचा, भिंतीला टेकून पखवाजाच्या वाद्या ओढत होता. तो म्हणाला, "बाबा, ती नोकरीला लागतेय, भजनाची बारी करायला नाही. सरांना उलट विचारलं तर त्याच दिवशी घरी येईल."

"घरीच आसा ना ती," मावशी आतून म्हणाली. "घर काय वायट?"

मावशीचा तो शब्द मला फार लागला, चांगल्या अर्थाने. पण कोडं होतं तिथेच राहिलं.

शनिवारी सकाळी संदेश मला दादरला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. त्याला पखवाजासाठी शाई लावणाऱ्याचा पत्ता हवा होता, असं त्याने घरी सांगितलं. खरं म्हणजे त्याला माझी काळजी वाटत होती, पण तसं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुकान अरुंद, छतापर्यंत तबले आणि पेट्या, मागच्या भिंतीवर गिटारी टांगलेल्या. दुकानदार गल्ल्यामागे चहा पीत बसला होता.

"गिटार दाखवा," संदेश म्हणाला.

"कुणाला हवीय?"

"हिला. कॉम्प्युटरला पाहिजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "कॉम्प्युटरला कशाला गिटार लागते?"

"ते तिलाच कळलं असतं तर इथे आलो असतो काय आम्ही?"

तरी त्या भल्या माणसाने एक खाली काढून दिली. मी ती मांडीवर घेतली तेव्हा ती माझ्या अंदाजापेक्षा हलकी होती. सगळ्यात जाड तार छेडली. मग पहिल्या पडद्यावर बोट दाबून छेडली. मग दुसऱ्या. आवाज एकेक पायरी चढत होता, पण पडद्यांवर कुठेच काळं-पांढरं नव्हतं. सगळे सारखेच. पेटीवर डोळे मिटूनही बोटांना कळतं की ही काळी, ही पांढरी. इथे काहीच खूण नाही. मी जाड तारेला सा मानलं आणि मनातल्या मनात सा रे ग म म्हणून पाहिलं, जमलं. मग पुढच्या तारेला सा मानलं, तेही जमलं. तिसऱ्याही. सहाही तारांनी मला आपापला सा दिला आणि कुणीच तक्रार केली नाही. मी दुकानातून बाहेर पडले तेव्हा आदल्या दिवसापेक्षा जास्त गोंधळलेली होते. संदेशने विचारलं, "सुटलं?" मी म्हटलं, "वाढलं."

आता माझ्या मुलाच्या खोलीत एक गिटार आहे आणि त्याच्या फोनमध्ये असं काहीतरी आहे की तार छेडली की अक्षर उमटतं. तो मला दाखवतो. मी मान डोलावते. पण अजूनही ते अक्षर पाहिलं की माझ्या मनात पहिला विचार हाच येतो, की हे कुणाच्या सांगण्यावरून?

रविवारी दुपारी आमच्याच खोलीत भजनाची तालीम होती. मावशीने सकाळी मिरच्या डंकावर नेऊन आणल्या होत्या आणि कुटून गरम झालेला मसाला परातीत घालून गार करत ठेवला होता. खोली लाल वासाने भरलेली. शेगडीवर माशाचं कालवण शिजत होतं, त्यात त्याच ताज्या मसाल्याचा पहिला चमचा पडला होता. मंडळी जमली, कुणी खाटेवर, कुणी उंबऱ्यात, झांजा बाहेर निघाल्या. संदेशने कणकेचा गोळा मागून घेतला आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायला बसला.

"भाकऱ्येचा पीठ घेवचा होता," मावशी म्हणाली. "चपात्येंका माका कमी पडला तर तुझो पखवाज वाढतंय ताटात."

उजवं तोंड त्याने वाद्यांवर हातोडी मारत काळी दोनला मिळवून ठेवलं होतं. काका नेहमी काळी दोनमध्ये गायचे. पेटीवरच्या पट्ट्यांना आमच्याकडे अशीच नावं आहेत: पांढऱ्या सात, काळ्या पाच, डावीकडून मोजायच्या. काकांनी काळी दोन दाबली, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जोराचा ठसका लागला. मसाला घशात गेला होता. पाणी प्यायले, पुन्हा धरलं, पुन्हा ठसका. तिसऱ्या वेळी त्यांनी हात सरकवला आणि पांढरी एकवर ठेवला.

"आज हयसून," ते म्हणाले.

संदेशचा हात हवेत राहिला. "बाबा, मी तासभर काळी दोनला लावतोय. आता पांढरी एक?"

"मग तू गा काळी दोनात. मी पखवाज वाजवतंय."

"आधी सांगायचं ना, पट्टी कुठली ते."

"माझ्या नरड्यान माका आधी सांगल्यान काय?"

सगळे हसले. संदेश कुरकुरत वाद्या सैल करू लागला. काकांनी तोवर तोच अभंग पांढरी एकमध्ये हळू आवाजात म्हणायला घेतला आणि मी त्यांच्या शेजारी बसून बोटं पाहत होते. चाल तीच. सा रे ग तेच. पण एरवी जी बोटं काळ्यांवरून उड्या मारायची, ती आता पांढऱ्यांवर चालत होती. सा हलला होता. काळी दोन मात्र जिथे होती तिथेच होती, कुणी न दाबलेली. आणि संदेशला सा कुठला याच्याशी कर्तव्य नव्हतं, त्याला फक्त पट्टी हवी होती.

मी कागद काढला आणि काकांच्या पेटीवरच्या पट्ट्या एका टोकापासून लिहायला लागले. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. पुढे काळी नाही, थेट पांढरी चार. सातनंतर पुन्हा काळी नाही, थेट वरची पांढरी एक. सरांच्या कागदावरची ती अक्षरं म्हणजे स्वर नव्हतेच, त्या पट्ट्या होत्या. पांढरी एक म्हणजे सी. पांढरी तीन म्हणजे ई, आणि तिच्या शेजारी एफ, मध्ये काही नाही. ए म्हणजे पांढरी सहा, तिथून दोन पट्ट्या पुढे पांढरी सात, म्हणजे बी. काळी चार म्हणजे जी शार्प. प्रत्येक पडदा म्हणजे एक पट्टी, काळी असो वा पांढरी, आणि बारा झाल्या की पुन्हा पहिली. सरांचं दुसरं उदाहरण मी झांजांच्या आवाजात मोजून पाहिलं आणि सहाही अक्षरं जुळली. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला कुणी मोकळं नव्हतं, सगळे गात होते.

इथवर सगळं बरोबर होतं. पण माझ्या मनाला ते अर्धवट वाटलं. नुसती पट्टी सांगून गाणाऱ्याला काय उपयोग? त्याला कळायला हवं की त्याचा सा धरला तर या सहा तारांतून रे निघतो की प. म्हणून मी प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला एक प्रश्न घातला. वाजवणाऱ्याने आधी त्याचा सा सांगायचा, बारांपैकी एक आकडा. मग तारांचे सहा आकडे. मग प्रोग्रॅम पट्टीही सांगेल आणि स्वरही. न विचारता पेटीवर हात ठेवू नये, हे काकांचं म्हणणं मला पटलेलं होतं. ते कोड्यात नव्हतं, पण चांगल्या वागण्यात होतं.

सोमवारी मी लवकर जाऊन सगळं टाइप केलं. दोन वाजता सर आले. निखिलचा प्रोग्रॅम त्यांनी तपासला, त्याच्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्या मुलीचाही झाला, थोडा अडखळत. मग ते माझ्या खुर्चीशी आले. स्क्रीनवर माझा प्रश्न उमटलेला होता, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. त्यांनी तो बहुधा शीर्षक समजून सोडून दिला. कागदावरचे सहा आकडे टाइप केले आणि थांबले.

काहीच झालं नाही. माझ्या प्रोग्रॅमने पहिला आकडा सा म्हणून घेतला होता, पुढचे पाच पाच तारांना दिले होते, आणि आता तो सहाव्या तारेची वाट पाहत होता.

"हँग झाला काय?" सर म्हणाले आणि पुढच्या उदाहरणाचे आकडे टाइप करू लागले. त्यातला पहिला आकडा सहाव्या तारेला गेला आणि उत्तर छापून आलं. सगळं एका घराने सरकलेलं. पुढचं त्याहून सरकलेलं. शेवटपर्यंत एकही ओळ त्यांच्या उत्तराशी जुळली नाही.

मी म्हटलं, "सर, तो आधी सा विचारतो."

"कुणाला विचारतो?"

"वाजवणाऱ्याला."

"मी कुठे म्हटलं विचारायला? मी सहा आकडे देणार, तू सहा नावं देणार. एवढंच लिहिलंय ना?"

"हो, सर."

"मग?"

त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि चौघांनाही निघायला सांगितलं, म्हणजे आम्हा तिघांना आणि चहा घेऊन आलेल्या माणसाला. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला निदान कळलं असतं की मी काय केलं.

आवाराच्या फाटकाबाहेर पानपट्टीवर रुपया टाकून बोलायचा फोन होता. मी आबांना लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत मी आणखी एक नाणं टाकलं. ते धावत आले असावेत, श्वास लागलेला होता.

"आबा, पतपेढीत हो सांगा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मी त्येंका 'नाय' म्हणान सांगून इलंय."

"कधी?"

"शनवारीच."

"पण मी सोमवारी सांगते म्हटलं होतं ना?"

"म्हटलंस. पण तुझ्या बोलण्यात माका वाटला, तुका येवचा नाय. अध्यक्षांच्या भाच्याक दिल्यानी ती जागा. मी म्हटलं, आमचा चेडू मुंबयत कामाक लागला."

"आबा, मी नापास झाले."

"असा?" ते म्हणाले. "मग आता काय करूचा?"

मी विचारणार होते तोच प्रश्न. आयुष्यात आबांनी घाईने घेतलेला हा एकच निर्णय मला आठवतो. भाजीला मीठ घालतानासुद्धा ते दोनदा चव घ्यायचे. मुलीच्या आवाजावरून त्यांनी जे ऐकलं ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आणि ते अगदी खरं होतं, आणि त्यामुळे आता तिला जायला जागा नव्हती. मला रडू आलं नाही. राग आला का, तेही आज सांगता येत नाही. फोन मध्येच कट झाला, कारण नाणं संपलं होतं. मी पानपट्टीपाशी उभी राहिले, मग परत जिना चढले. का चढले याचं कारण मी पुढे अनेकांना अनेक प्रकारे सांगितलं आहे. खरं कारण एवढंच की दुसरीकडे कुठे चढायला जिना नव्हता.

सर कपाटाला कुलूप लावत होते. "काय राहिलं?"

"काही नाही, सर. माझी गावची नोकरी गेली."

"कुठली नोकरी?"

मी सगळं सांगितलं. पतपेढी, आबा, शनिवार. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग कपाळ खाजवलं.

"थांब. म्हणजे तुझ्या वडिलांनी तुला न विचारता तिकडे नाही म्हणून सांगितलं. तू माझ्याकडे नापास झालीस. आणि आता तू मला नक्की काय विचारतेयस?"

"तेच मला कळत नाहीये, सर."

ते हसले नाहीत. त्यांनी कुलूप पुन्हा काढलं, कपाटातून आपली गिटार घेतली आणि टेबलावर बसले. "तुझा सा म्हण," ते म्हणाले.

ऑफिसात आम्ही दोघंच होतो, तरी मला संकोच वाटला. मी हळूच सा लावला. त्यांनी तारेवर बोट सरकवत तो शोधून काढला. "जी शार्प."

"काळी चार," मी म्हटलं.

"काय?"

"आमच्यात त्याला काळी चार म्हणतात."

"बरं. काळी चार. आता तू गप्प बसलीस तरी तो जी शार्पच आहे ना?"

"हो. पण मी गात असेपर्यंत तो सा आहे."

"आणि मी गायला लागलो तर?"

"तर तुमचा सा वेगळा. मग हा दुसरंच काहीतरी होईल."

त्यांनी ती तार दोन-तीनदा छेडली. "म्हणजे स्वर हलला नाही, नाव हललं. नाही, नाव पण आहेच." मग त्यांनी गिटार बाजूला ठेवली. "सात वर्षांचा होतो तेव्हा माझ्या अंकलने ही अक्षरं पाठ करून घेतली. का, कशी, मी काही विचारलं नाही. तुझं मला अजून पूर्ण कळलेलं नाही हां. तुला माझं कळलं?"

"पट्टीपुरतं कळलं."

"चल, मशीन चालू कर. ती विचारणारी ओळ काढ."

मी ती ओळ काढली, आणि स्वर छापणारी दुसरी. सरांनी तेच आकडे पुन्हा टाइप केले. पहिलं उत्तर जुळलं, दुसरं जुळलं, मग त्यांनी कागदावर नसलेले, मनचे आकडे टाकायला सुरुवात केली, प्रत्येक वेळी गिटार वाजवून आणि स्क्रीनकडे पाहून. मी मागे उभी होते. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं.

"नियमाने तू नापासच आहेस. निकाल मी वर पाठवलाय, तो बदलणार नाही. ज्या जागेसाठी पेपर होता ती जागा निखिलला."

"हो, सर."

"उद्या सकाळी दहाला ये."

"काय म्हणून, सर?"

त्यांनी गिटार कपाटात ठेवली. "ते मला पण बघावं लागेल. तू ये."

त्या ऑफिसात मी पुढे अनेक वर्षं काढली, आणि पहिले कित्येक महिने माझ्या टेबलाला, माझ्या कामाला काही नाव नव्हतं. गाणं शिकवणाऱ्या मराठी सीड्या निघाल्या तेव्हा सरांनी ती काढून टाकलेली ओळ पुन्हा मागितली, पण ते फार नंतरचं. त्या संध्याकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी परळहून लालबागला चालत आले. खालच्या गल्लीत डंक बंद व्हायला आले होते आणि कामगार अंगावरची लाल पूड झटकत होते. मावशी गॅलरीत उभी होती. आबांचा फोन येऊन गेला असणार, कारण काका चष्मा लावून, पण हातात काहीच न घेता बसले होते आणि संदेश पखवाज न काढता भिंतीला टेकला होता.

"काय झाला गो?" मावशीने विचारलं.

"माहीत नाही. नापास झाले. पण उद्या सकाळी बोलावलंय."

"काय म्हणान बोलावल्यानी?"

"ते त्यांनाही माहीत नाही."

काकांनी संदेशकडे पाहिलं, संदेशने माझ्याकडे. मावशीने मात्र आणखी काही विचारलं नाही. प्रशिक्षण दुपारचं असायचं, जेवून निघता यायचं. सकाळी दहा म्हणजे वेगळं. ती आत गेली आणि फळीवरची भांडी हलवल्याचा आवाज आला.

"म्हणजे आता डबो लागतलो तुका," ती आतून म्हणाली. "भाजी सकाळी काय करू ती सांगून ठेव."